बाई, स्कॉलरशिपला बसवायलाच हवं का?

प्रश्न: माझी लेक पाचवीत आहे. शाळा अख्ख्या वर्गाला स्कॉलरशिपला बसवतेय. रोज जादा तास, रविवारी सराव पेपर. महिनाभर झाला, शनिवारी रात्री ती जेवत नाही, पोटात दुखतं म्हणते. हे म्हणतात, ‘होईल सवय.’ माझी नणंद न्यूयॉर्कला असते. राज्याच्या चाचणीला मुलाला बसवणार नाही, असं तिने शाळेला सरळ लिहून दिलं. इथे तसं चालेल का?
– एक आई, धनकवडी

उत्तर: स्कॉलरशिपपुरतं नक्की चालेल. ती ऐच्छिक आहे. ती घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेचा अर्ज शाळेमार्फत भरतात, म्हणून सक्तीची वाटते. अर्ज भरण्याआधी मुख्याध्यापकांना दोन ओळी लिहून द्या आणि पोच घ्या. पाचवीची वार्षिक परीक्षा मात्र टाळू नका. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतर राज्याने पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा लावली. त्या परीक्षेत आणि पुनर्परीक्षेतही नापास झालं, तर मूल त्याच वर्गात राहतं.

नणंदेकडची गोष्ट निराळी. तिथे मुलांच्या गुणांवरून शिक्षकांना जोखायला लागले, पालक चिडले आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पाचातल्या साधारण एका मुलाने पेपरच दिला नाही.

मी ३१ वर्षं चौथी-पाचवीला शिकवलं. आरशातली प्रतिमा, घड्याळाचे काटे असले बुद्धिमत्तेचे प्रश्न मुलं कोड्यासारखे आवडीने सोडवतात. बिनसतं ते ९० मिनिटांत ७५ प्रश्न म्हटल्यावर. माझ्या वर्गातला एक मुलगा गोल रंगवताना बॉलपेन इतकं दाबायचा की उत्तरपत्रिकेला भोक पडायचं. उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं. मी त्याला हलक्या हाताने रंगवायला शिकवत बसले. ‘तुला बसायचंय का रे?’ हे एकदाही विचारलं नाही. शाळेचा निकाल डोळ्यांपुढे होता. ते अजून मनाला लागतं.

तुम्ही विचारा. येत्या रविवारी पेपर बुडू दे, तिला तळजाई टेकडीवर न्या आणि चालता चालता विषय काढा. परीक्षा नकोय, की वर्गात सगळ्यांसमोर गुण वाचून दाखवतात ते? गुणांची धास्ती असेल तर जादा तास बंद करा. घरी आठवड्याला एक पेपर, घड्याळ न लावता. अर्ज भरायचा की नाही, ते तिला ठरवू द्या. तिच्या बाबांनाही तिच्याच तोंडून ऐकू द्या. आणि पोटदुखी राहिलीच, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.