ते वचन आजच परत घे

ताई,
मला 34वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. कळांची भीती इतकी बसलीय की रात्री दचकून जाग येते. डॉक्टरांनी एपिड्यूरलची, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून द्यायच्या औषधाची, माहिती दिली आणि ‘घरी बोलून ठरवा’ म्हणाल्या. सासूबाई म्हणतात, आम्ही तीन-तीन बाळंतपणं काढली, पाठीत सुया नाही टोचून घेतल्या. आई म्हणते, पाठ जन्माची जाते. एक मैत्रीण म्हणते डोळे मिटून घे. जावेने घेतलं, तर तिला आठवडाभर उशीवरून डोकं उचलता येत नव्हतं. गेल्या आठवड्यात मी एकदाचं ठरवून टाकलं, नाही घ्यायचं. आणि नवऱ्याकडून वचन घेतलं की मी त्या वेळी कितीही रडले, मागितलं, तरी त्याने देऊ द्यायचं नाही. तो हो म्हणाला. तेव्हापासून भीती वाढलीय. आता कळांपेक्षा त्या वचनाचीच जास्त वाटते. मी भित्री आहे का?
– ठरवूनही न ठरलेली

अगं, भित्री नाहीस तू. हे आधी सांगते, आणि लगेच दुसरं सांगते. नवऱ्याकडून घेतलेलं ते वचन आज रात्रीच परत घे. एपिड्यूरल घ्यायचं की नाही ते तूर्त बाजूला राहू दे. त्याचा विचार आत्ता करायचा, माहिती आत्ता घ्यायची, पण शेवटचा निर्णय लेबर रूममध्ये झाला तरी काही बिघडत नाही.

तू जे ठरवलंस ते अजून एकही कळ न सोसलेल्या बाईने ठरवलंय. त्या दिवशी जी मागेल तीही तूच असशील, आणि तिला आजच्या तुझ्यापेक्षा पुष्कळ जास्त माहीत असेल. कळा किती तास चालल्यात, अंगात किती त्राण उरलंय, पिशवीचं तोंड किती उघडलंय, हे तिला माहीत असेल. तिचं तोंड तू आजच का बांधून ठेवतेस? डॉक्टर शुद्धीत असलेल्या बाईचंच ऐकतील, नवऱ्याच्या ‘नको’वर काही थांबणार नाही. पण दोन कळांच्या मधल्या दोन मिनिटांत तुला आपल्याच माणसाशी भांडावं लागेल, आणि तुझी तगमग बघत त्याला ‘तूच सांगितलं होतंस’ म्हणावं लागेल. ही वेळ तुम्हा दोघांवर येऊ नये असं मला फार वाटतं.

माझी दोन बाळंतपणं झाली. पहिल्या वेळी मी काही घेतलं नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही. 17 तास गेले. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, दर कळेला मी सेकंदकाट्याकडे बघायची. काटा खाली अर्ध्यावर आला की कळ अगदी शिगेला पोचायची, तिथून वर चढायला लागला की उतरायची. तो उतार ओळखता यायला लागला तेव्हा मला बळ आलं होतं, हेही खरं. पण बाळाची पाठ माझ्या पाठीकडे होती. अशा वेळी कमरेत कळ बसते आणि मधल्या वेळातही पूर्ण सुटत नाही. शेवटच्या तीन तासांत मी फक्त ‘काहीतरी द्या हो’ एवढंच म्हणत होते, आणि सिस्टर म्हणत होत्या, ‘सगळ्यांनाच होतं.’ मुलगी झाली, छान खणखणीत रडली. दुखणं मी महिन्याभरात विसरले. ‘सगळ्यांनाच होतं’ हे मात्र पुढे कित्येक महिने कानात राहिलं.

दुसऱ्या वेळी मी आधीच सांगून ठेवलं होतं. भूलतज्ज्ञ बाई आल्या. हाताला सलाईन लावलं, पलंगाच्या कडेला बसवलं. हनुवटी छातीला, खांदे सैल, पाठ मांजरासारखी बाहेर. स्पिरिटचा बोळा गार लागला, मग जागा बधिर करायच्या सुईची चुणचुण, मग नुसता दाब. मध्येच कळ आली. ‘आली का? थांबते मी,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि खरंच थांबल्या. सिस्टरच्या खांद्यावर कपाळ टेकून मी ती कळ काढली. त्यानंतर सुई बाहेर आली आणि दोऱ्यासारखी बारीक नळी तेवढी पाठीला चिकटून राहिली, औषध त्यातून जात राहणार. 20 मिनिटांनी त्यांनी माझ्या मांडीवर बर्फ टेकवला आणि विचारलं, गार लागतंय? लागत नव्हतं. मॉनिटरवर कळ चढताना दिसत होती, मला पोट घट्ट झाल्याचं तेवढं कळत होतं. मी दीड तास झोपले. बाळंतपणात झोपता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

सासूबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस, आणि खोटंही मानू नकोस. त्यांनी सोसलं हे मोठंच आहे. पण एका बाईच्या कळांवरून दुसरीच्या कळा मोजता येत नाहीत. एकीच्याच दोन बाळंतपणांत किती फरक पडतो ते माझंच वर वाचलंस. बाळ कुठल्या बाजूला तोंड करून आहे, कळा आपल्या आपण आल्यात की सलाईनमधून औषध देऊन वाढवल्यात, रात्रभर जागरण झालंय का, या सगळ्यावर ते असतं. औषध लावून आणलेल्या कळा बहुतेकींना जास्त झोंबतात. आणि हे आजकालच्या मुलींचं खूळ आहे असं कुणी म्हणालं तर सांग, राणी व्हिक्टोरियाने 1853 मध्ये आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्या हातून क्लोरोफॉर्म घेतलं होतं, आणि नवव्या वेळी पुन्हा घेतलं. आधीची सात तिनेही तशीच काढली होती.

आता आईची भीती. पाठ जन्माची जाते, हे बरोबर नाही. सुई टोचली तिथे काही दिवस ठणकतं, तेवढं खरं. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींची कंबर दुखते, पण ती एपिड्यूरल न घेतलेल्यांचीही दुखते. नऊ महिने पोटाचा भार वाहिलेला असतो, सांधे सैल झालेले असतात, वर दिवसभर वाकून बाळाला पाजायचं असतं. तसंच, एपिड्यूरल घेतलं की सिझर होतं असं जे म्हणतात तेही अभ्यासांत टिकलेलं नाही. उलट सिझरची वेळ आलीच तर बहुतेक वेळा त्याच नळीतून जास्त औषध देऊन काम भागतं, पूर्ण भूल द्यावी लागत नाही.

तुझ्या जावेला झालं ते मात्र खरं आहे, आणि ते लपवून तुला धीर द्यावा असं मला वाटत नाही. मज्जारज्जूभोवती पाण्याची पिशवी असते. सुई तिच्या अलीकडेच थांबायला हवी. क्वचित ती पिशवीला लागते, आतलं पाणी झिरपतं आणि मग उठून बसलं की डोकं फुटेल असं दुखतं, आडवं झालं की कमी होतं. 100 बायकांत जेमतेम एकीला असं होतं. त्यावर इलाज आहे. आपोआप थांबलं नाही तर आपल्याच हातातलं थोडं रक्त काढून त्याच जागी सोडतात, ते गोठून भोक बुजतं. जावेला आठवडाभर तशीच का राहू दिली ते मला ठाऊक नाही. तुझ्यावर वेळ आली तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांग, ‘बसलं की दुखतं, झोपलं की थांबतं.’ एवढ्या एका वाक्यावरून भूलतज्ज्ञांच्या लक्षात येतं.

बाकीचंही ऐकून ठेव. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून तर आधी सलाईन लावतात आणि सारखा दाब बघतात. अंगाला खाज सुटते, हुडहुडी भरते, कधी ताप येतो. पाय जड होतात, लघवीची जाणीव जाते, मग नळी घालावी लागते. दहाएक जणींत एखादीला एकाच बाजूला बधिरपणा येतो किंवा पुरेसा येत नाही, मग पाठीतली नळी थोडी ओढून किंवा नव्याने घालून दुरुस्त करतात. जोर लावायचा टप्पा काहीसा लांबतो. पूर्वी औषधाचा डोस मोठा असायचा तेव्हा चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायची वेळ जास्त यायची, आताच्या हलक्या डोसमध्ये तो फरक फारसा दिसत नाही. ‘पेनलेस डिलिव्हरी’ हे नाव मला आवडत नाही ते यासाठी. दुखणं बरंच कमी होतं, दाब आणि ओढ राहतात, आणि त्या राहिलेल्याच बऱ्या. जोर कधी लावायचा ते त्यावरूनच कळतं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील, प्लेटलेट कमी असतील, पाठीचं ऑपरेशन झालं असेल, तर हे सगळं वेगळ्या हिशोबाने बघावं लागतं. असं काही असेल तर डॉक्टरांना याच आठवड्यात सांग.

एपिड्यूरल किंवा काहीच नाही, असे दोनच रस्ते आहेत असं तुझ्या पत्रावरून वाटलं. तसं नाही. पुष्कळ ठिकाणी गॅस असतो, अर्धा नायट्रस ऑक्साइड आणि अर्धा ऑक्सिजन. कळ सुरू होतेय असं वाटताच ओढायला सुरुवात करायची, कारण त्याचा अंमल चढायला साधारण अर्धं मिनिट लागतं. कळ भरात आल्यावर मास्क लावला तर उपयोग मधल्या वेळात होतो आणि मग सगळ्याजणी म्हणतात, गॅसने काही झालं नाही. मास्क तुझ्याच हातात हवा, नवऱ्याने धरायचा नाही. गुंगी आली की हात आपोआप खाली पडतो, तीच त्यातली सोय. दुखणं पूर्ण जात नाही, पण धार बोथट होते, आणि सोडलं की अंमल लगेच उतरतो. मळमळ आणि गरगर मात्र होऊ शकते. दुसरं म्हणजे पेथिडिनसारखी इंजेक्शनं. त्यांनी झोप लागते, कळ मात्र बरीचशी जाणवतेच, आणि बाळ त्यानंतर दोन-चार तासांत जन्मलं तर तेही सुस्त असू शकतं, श्वास मंद असू शकतो. त्यावर उतारा असतो, तरी मला विचारशील तर माझी पहिली पसंती ही नसेल.

आणि औषधाशिवायच्या गोष्टींना कमी लेखू नकोस. उभं राहणं, हिंडणं, गुडघ्यांवर टेकून पुढे वाकणं, गरम पाण्याखाली बसणं, उच्छ्वास लांब सोडणं. कमरेत कळ बसली तर नवऱ्याने माकडहाडाच्या जरा वर तळहाताची टाच रोवून पूर्ण कळभर दाबून धरायचं. चोळायचं नाही, दाबायचं, आणि तू ‘आणखी जोरात’ म्हणशील तेव्हा खरंच जोरात. हे त्याला आत्तापासून शिकव. सोबतीला सतत आपलं माणूस असलं की औषधाची गरज कमी पडते आणि बाळंतपण आपल्या आपण होण्याची शक्यता वाढते, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये प्रसूतीबद्दलच्या शिफारशी काढल्या, त्यात बाईच्या पसंतीचं माणूस सोबत असावं हेही आहे आणि निरोगी बाईने मागितलं तर एपिड्यूरल द्यावं हेही आहे. सोबत आणि औषध यांतलं एकच निवड असं तुला कुणी सांगितलेलं नाही.

डॉक्टरांना मात्र पुढच्या भेटीत नेमकं विचार. भूलतज्ज्ञ रात्री-अपरात्रीही असतात की बोलवावे लागतात? बोलवावे लागत असतील तर यायला किती वेळ? हे कळलं की किती आधी मागायचं ते कळेल. पिशवीचं तोंड अमुक उघडेपर्यंत थांबलंच पाहिजे असं नसतं, कळा नीट सुरू झाल्या की मागता येतं. फार उशीर मात्र होऊ शकतो, बाळाचं डोकं दिसायला लागल्यावर नळी घालायला वेळ उरत नाही. गॅस आहे का तेही विचारून घे, सगळीकडे नसतो.

आणि वचनाच्या जागी तुम्ही दोघं एक शब्द ठरवा. कळेत तोंडाला येईल ते आपण बोलतो. ‘मरते आता’, ‘नको मला’, ‘घरी चला’. त्यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे औषध मागणं नसतं, आणि नवऱ्यांना ते ओळखता येत नाही. म्हणून रोजच्या बोलण्यात न येणारा एखादा शब्द घ्या. तू कितीही ओरडलीस आणि तो शब्द काढला नाहीस, तर त्याने पाठ दाबायची, पाणी द्यायचं, ‘ही उतरतेय’ म्हणायचं. तो शब्द तू उच्चारलास की त्याने एकही प्रश्न न विचारता सिस्टरकडे जायचं. आल्या आल्या ड्यूटीवरच्या सिस्टरलाही तो सांगून ठेवा. तू शब्द न काढताच बाळ झालं तर उत्तम, काढलास तरी उत्तम. पहिल्याच तासाला काढलास तरीसुद्धा.

तो आज घरी आला की हे पत्र आधी त्याला वाचायला दे. आई आणि सासूबाईंशी उद्या बोललीस तरी चालेल.

– ताई