संजीवन सभा ठरवण्याआधी हजेरीवही उघडा

“दरवर्षी जानेवारीत तीन दिवसांच्या संजीवन सभा घेतो. लोक रडतात, पुढे येऊन गुडघे टेकतात. शिमग्यापर्यंत परत तीच वीस डोकी. देवाने आमच्यावरून हात काढून घेतलाय का?”

दापोली तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) पाळक आणि त्यांच्याबरोबर आलेल्या सेक्रेटरी ताई यांनी आम्हाला विचारलेला हा प्रश्न. संजीवन म्हणजे मंडळीची आत्मिक जागृती; तिच्यासाठी या सभा भरवतात. थोड्याफार फरकाने हीच काळजी कोकणातल्या अनेक लहान मंडळ्यांना असते, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकिगत देत आहोत.

दोघांचीही एक खात्री होती: थंडपणा हळूहळू आला, काळच तसा आहे, तरुण पोरं मुंबईला गेली. पुढच्या भेटीला त्यांना चार गोष्टी आणायला सांगितल्या. हजेरीवही, जमाखर्चाची वही, महिन्याच्या कार्यक्रमांचा कागद आणि बुधवारच्या सभेत वाचली जाते ती प्रार्थनेच्या विषयांची यादी. ‘आमची मंडळी प्रार्थनाशील आहे’ किंवा ‘आम्ही थंड आहोत’ हे दोन्ही मनाचे अंदाज असतात. वह्या खरं सांगतात.

हजेरीवहीत निळ्या शाईच्या खुणा ओळीने चालल्या होत्या आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका नोव्हेंबरात सहा कुटुंबांसमोरच्या खुणा एकाच पंधरवड्यात थांबल्या होत्या. सेक्रेटरी ताईंनी त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पाळकांनीच सांगितलं. दोन चुलतभाऊ, त्यांतला थोरला मंडळीचा पंच, म्हणजे कारभार पाहणाऱ्या कमिटीचा सभासद. सामाईक सातबारा, आंब्याची सात कलमं आणि बागेत जाणारी पाणंद. थोरल्याने पाणंदीवर गडगा घातला. धाकट्याने पंचकमिटीत विषय काढला, तेव्हा ‘घरचं भांडण देवळात आणू नका’ म्हणून त्याला गप्प बसवलं गेलं. त्याच्या बाजूची घरं उठून गेली. त्यानंतरच्या दोन्ही जानेवारींत संजीवन सभांत स्वागताचं भाषण त्या पंचांनीच केलं होतं.

बाकीच्या वह्यांनीही बरंच सांगितलं. प्रार्थनेच्या यादीत आजार, नोकऱ्या, बोटीवर गेलेल्या मुलांची सुरक्षितता, एकाचा व्हिसा. सगळं रास्त, पण आपल्या घरांपलीकडचं एकही नाव त्यात नव्हतं. जमाखर्चात नव्या साऊंड सिस्टीमला मोठी रक्कम, आणि ‘विधवा व गरजू’ हा रकाना अकरा महिने कोरा. बुधवारची सभा संध्याकाळी सहाला, कारण वीस वर्षांपूर्वी बहुतेक सभासद शिक्षक होते. आज सभासदांतल्या तीन भगिनी हर्णै बंदरात संध्याकाळच्या लिलावावर मासळी घेतात. त्या येऊच शकत नव्हत्या, आणि त्यांची गणती ‘आवड कमी झालेल्यां’त होत होती.

देव दूर गेला म्हणून आधी आकाशाकडे पाहायचं की त्याने स्पष्ट सांगितलेली कोणती गोष्ट आपण कुठे सोडली ते शोधायचं, हा खरा प्रश्न आहे. बायबलातल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीला पहिली प्रीती सोडल्याबद्दल बोल लावल्यावर प्रभू तीन कामं सांगतो: कुठून पडलात ते आठवा, पश्चात्ताप करा, पहिली कृत्यं करा. आपण बहुधा मधल्या कामाच्या सभा घेतो आणि पहिलं व तिसरं सोडून देतो. अश्रू खरेच असतात, त्यांना कमी लेखू नये. पण सोमवारी सकाळी काय करायचं हे कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून ते तिथेच सुकतात.

केडगावच्या मुक्ती सदनातलं 1905 चं संजीवन आपल्याकडे वारंवार सांगितलं जातं. जूनमधली ती रात्र सांगतात, आधीचे महिने सांगत नाहीत. पंडिता रमाबाईंनी वर्षाच्या सुरुवातीलाच प्रार्थनेसाठी हाक दिली होती आणि सुमारे 70 जणी रोज जमत होत्या. त्याहीआधी, 1896-97 च्या दुष्काळापासून, उपाशी मुली-बायकांना आणणं, शेती, शिक्षण हे काम चालूच होतं. संजीवन आलं ते आज्ञेत चालणाऱ्या घरावर, आणि त्यानंतर मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला गेल्या. हे तीन भाग वेगळे काढले तर मधला भाग फार दिवस टिकत नाही.

या मंडळीने जानेवारीच्या सभा एक वर्ष थांबवल्या. त्याऐवजी जूनच्या पहिल्या रविवारपासून सहा आठवडे ठरवले. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून होड्यांवरचे भाऊ घरी असतात, आणि भाताची लावणी अंगावर येईपर्यंत बरंचसं उरकतं. रविवारच्या भक्तीनंतर, म्हणजे उपासनेनंतर, चाळीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. दर आठवड्याला एकच वाचन: प्रकटीकरण 2:1-7, मत्तय 5:23-24, प्रेषितांची कृत्ये 2:42-47, यशया 58, प्रेषितांची कृत्ये 6:1-7 आणि शेवटी 13:1-3. भाष्य पाळकांनी करायचं नाही. चार-चार जणांच्या गटांनी दोनच प्रश्न घ्यायचे: इथे स्पष्ट सांगितलेलं काय आहे? आणि आपण ते शेवटचं कधी केलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर महिना-वर्षासह. ‘आपण प्रेमात कमी पडतो’ असलं उत्तर चालत नाही, कारण त्यावर कोणालाच काही करता येत नाही.

दुसऱ्या आठवड्याचं वाचन सगळ्यात जड गेलं. वेदीपाशी दान ठेवून आधी भावाकडे जा, असं ते आहे. पंचांना एकांतात भेटून, धाकट्याकडे कसं जायचं ते सांगितलं. दिवसाउजेडी जायचं, एकट्याने, पाळकांना मध्यस्थ म्हणून न नेता. बोलायचं ते फक्त आपल्या चुकीबद्दल, नाव घेऊन: “गडगा मी न विचारता घातला, आणि कमिटीत तुझं तोंड बंद केलं.” त्याला ‘पण तुझंही’ जोडायचं नाही. क्षमा लगेच मागून घेण्याचा हट्टही धरायचा नाही. पाणंदीचा निकाल त्याच बैठकीत लावायचा नाही. त्याला भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आहे. समेट म्हणजे जमिनीवर पाणी सोडणं नव्हे, हे कळल्याशिवाय कोकणात या विषयावर कोणी पाऊल उचलत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही.

पहिल्या खेपेला वहिनींनी चहा दिला, धाकटा बाहेर आला नाही. दुसऱ्या खेपेला आला, उभ्याउभ्या ऐकलं. मोजणीचा अर्ज दोघांच्या सहीने गेला. पंचांनी स्वतःहून एक वर्ष कमिटीतून बाजूला राहायचं ठरवलं. सहांपैकी चार कुटुंबं परतली. दोन आली नाहीत, त्यांच्यामागे लागू नका असंच सांगितलं. पाळकांनी महिन्यातून एकदा घरी जावं, इतकं पुरे.

या काळात बिघडतं ते पापकबुलीत. तिसऱ्या रविवारी एक भाऊ उभा राहून पश्चात्ताप सांगू लागला आणि तिसऱ्या वाक्याला दुसऱ्याच्या घरातली गोष्ट बोलायला लागला. पाळकांनी तिथेच थांबवलं, हे फार योग्य केलं. नियम साधा आहे: पाप जेवढ्यांसमोर झालं तेवढ्यांसमोरच कबुली. मनातलं देवापुढे, एकाशी केलेलं त्या एकापुढे, मंडळीच्या कामात केलेलं मंडळीपुढे. आणि मारहाण किंवा लहान मुलांवरचा अत्याचार हा ‘समेटा’चा विषयच नव्हे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते. तिथे प्रार्थना सभेत मिटवामिटवी करणारी मंडळी देवाच्या हेतूविरुद्ध उभी असते.

उपासाबाबतही कडक राहा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये. ती श्रद्धेची कसोटी नाही. रात्रभराची जागरणं तरुणांना आवडतात, पण पहाटे उठून कामाला जाणाऱ्यांना ती मंडळीतून हळूच बाहेर काढतात.

प्रार्थनेची घडी बदलली ती अशी: तीन-चार जणांचे गट, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, ज्याला जी वेळ जमेल ती. लिलावावरच्या भगिनी दुपारी दोनला जमू लागल्या. अर्धा वेळ आपल्या विषयांना, अर्धा बाहेरच्या नावांना: शेजारी, वाडी, शाळा, गावचे सरपंच. दानपेटी दोघांनी उघडायची, तिथेच मोजून सही करायची आणि महिन्याचा हिशोब वाचून दाखवायचा. पैशाबद्दलची कुजबुज प्रार्थनेने थांबत नाही, हिशोबाने थांबते.

‘पहिली कृत्यं’ कोणती, हे एका आजींनी सांगितलं. “आम्ही दर गुरुवारी सरकारी दवाखान्यात पेज न्यायचो. ज्याचं कोणी नाही त्याच्या खाटेपाशी बसायचो. मग गाडी आली, स्पीकर आले, आणि पेज राहिली.” मंडळीने दुसरं काहीही न घेता तेवढंच उचललं, दवाखान्याची परवानगी काढून. एकच काम घ्या, असा आमचा आग्रह असतो. पाच घेतली की गणपतीपर्यंत पाचही सुटतात. देवाचा हेतू कोणता हे ताडताना वचनाशी मेळ, जवळची खरी गरज, करायला तयार असलेली माणसं, आणि दोन आठवडे थांबल्यावरही टिकलेली एकवाक्यता, या चारही गोष्टी जुळाव्यात. बाहेरून आलेल्या वक्त्याने एका रात्रीत सांगितलेला दृष्टान्त यांतल्या एकाचीही जागा घेत नाही.

राहिले पाळक. ते रात्री तीनला जागे होत, जेवण तुटलं होतं, भक्तीची तयारी करताना रडू येई, आणि याला ते स्वतःचा आत्मिक पराभव समजत होते. असं दोन आठवड्यांहून अधिक चाललं तर डॉक्टरांकडे जायला हवं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. ते गेले, औषध सुरू झालं, आणि महिन्यातला एक रविवार कमिटीतल्या इतर पंचांनी भक्ती चालवायची असं ठरलं.

पुढच्या जानेवारीत सभा घ्यायच्या का, असं त्यांनी शेवटी विचारलं. जरूर घ्या. फक्त वक्त्याला आमंत्रण देण्याआधी हजेरीवही आणि प्रार्थनेची यादी पुन्हा एकत्र वाचा, आणि सभेनंतरच्या पहिल्या गुरुवारी पेज कोण नेणार त्यांची नावं आधीच लिहून ठेवा.