चर्चच्या मंडळीत नव्याने सामील झालेल्या कुटुंबाने आगामी कार्यक्रमांपैकी कशात भाग घ्यावा?

प्रश्न : आम्ही नुकतेच दुसऱ्या शहरात राहायला आलो आणि इथल्या एका चर्चमध्ये जाऊ लागलो. घरात आम्ही दोघे, आठ वर्षांची मुलगी, पंधरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहोत. दर रविवारी उपासनेच्या शेवटी आगामी कार्यक्रमांच्या इतक्या सूचना वाचल्या जातात की कशाला जावे आणि कशाला नाही म्हणावे तेच कळत नाही. सगळीकडे गेलो नाही तर लोक परके समजतील का?

उत्तर : लोक परके समजणार नाहीत. सगळीकडे जाण्याचा प्रयत्न केलात तर मात्र वर्षभरात थकून जाल आणि ओळख कुणाशीच नीट झालेली नसेल. माझा सल्ला असा की, मोठ्या कार्यक्रमांना पाहुण्यांप्रमाणे आनंदाने जावे. पण घरातल्या प्रत्येकासाठी एकच लहान गट निवडावा, जो ठरावीक दिवशी नियमाने भरतो आणि जिथे आपण आला नाहीत तर ते कुणाच्या तरी लक्षात येते. आमच्या मंडळीच्या समितीचा सचिव म्हणून रविवारच्या सूचना लिहिण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. ऐकणाऱ्याला ती यादी जितकी बंधनकारक वाटते, तितकी ती लिहिणाऱ्याच्या मनात कधीच नसते. कुणाचा कार्यक्रम राहून गेला म्हणून रुसवा होऊ नये एवढीच त्याची धडपड असते. खरोखरच सगळे सगळीकडे येऊ लागले, तर बसायला खुर्च्या पुरणार नाहीत.

यादी लांबलचक वाटण्याचे एक कारण असे की, तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली गोष्ट म्हणजे ख्रिस्ती उपासनावर्ष. त्यातले सण समिती ठरवत नाही, ते आधीच ठरलेले असतात. नाताळाआधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ, २५ डिसेंबरचा नाताळ, ६ जानेवारीचा प्रकटीकरणाचा सण (एपिफनी), राखेच्या बुधवारपासून सुरू होणारा आणि रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार (पाम संडे), उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) आणि त्यानंतर सातव्या रविवारी येणारा पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, हा त्याचा क्रम आहे. पुनरुत्थानाचा सण २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी धरतात. त्यामुळे पाश्चात्त्य परंपरेत तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो आणि त्याच्याबरोबर पुढचे-मागचे सगळे दिवस सरकतात. २०२७ मध्ये तो २८ मार्चला आहे, म्हणजे बराच लवकर. बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची गणना जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवर आधारलेली असल्याने त्यांची तारीख बहुतेक वेळा वेगळी असते. काही मंडळ्या, विशेषतः बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल परंपरेतल्या, यातले अनेक दिवस पाळतच नाहीत, आणि क्वेकर नावाच्या पंथाचे लोक तर परंपरेने कोणताच दिवस दुसऱ्याहून अधिक पवित्र मानत नाहीत. आपली मंडळी कोणत्या परंपरेतली आहे हे एकदा समजले की अर्धी यादी वर्षभर आधीच माहीत होते. ते दिवस घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावेत आणि त्या दिवशी प्रवास किंवा पाहुणे ठरवू नयेत. एवढ्याने तो भाग मिटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मंडळीने स्वतः उभे केलेले उपक्रम : घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभा, बायबल अभ्यास, गायकवृंदाचा सराव, महिला मंडळ, तरुण संघ, मुलांचे सुट्टीतले शिबिर, कौटुंबिक सहल, आजाऱ्यांच्या भेटी, इमारतीसाठी निधी. खरी निवड इथे करायची असते. नवीन माणूस इथे साधारणपणे उलटा विचार करतो, म्हणजे जिथे जास्त लोक तिथे ओळखी जास्त होतील असे धरून चालतो. सहलीला दोनशे माणसे असतील तर आपण दोनशे जणांना नमस्कार करता आणि संध्याकाळी घरी आल्यावर एकाचेही नाव आठवत नाही. आठ-दहा जणांच्या घरगुती प्रार्थनासभेत मात्र तिसऱ्या खेपेला कुणीतरी सासूबाईंच्या गुडघ्याची विचारपूस करते.

हे काही आजचे निरीक्षण नाही. १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथे मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले, आणि सदस्यांचे साधारण बारा-बारा जणांचे गट करून एकेका माणसावर वर्गणी गोळा करण्याचे काम सोपवले गेले. वर्गणीसाठी घरोघर जाणाऱ्या या माणसांना कुणाच्या घरी आजारपण आहे, कुठे भांडण आहे, कोण व्यसनाकडे वळला आहे हे दिसू लागले. कर्जाची सोय म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था मेथडिस्ट मंडळ्यांच्या पालकीय काळजीचा कणा बनली, आणि पुढे गटाने एकत्र भेटण्याची रीत पडली. हिशेबाच्या फेरीतून जे साधले ते मोठ्या सभांतल्या प्रवचनांतून साधले नव्हते, असे मला हा इतिहास वाचताना नेहमी वाटते. अर्थात वेस्लींची प्रवचने ऐकायला हजारो माणसे जमत असत आणि त्यांचे मोल मी कमी लेखत नाही.

आता आपल्या घराबद्दल. मुलीचा प्रश्न सर्वांत सोपा आहे : तिला संडे स्कूलमध्ये पाठवावे आणि दर रविवारी पाठवावे, कारण लहान मुलांची मैत्री सलगतेवरच टिकते. १७८० मध्ये रॉबर्ट रेक्स यांनी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर येथे अशी शाळा सुरू केली तेव्हा तिथली अनेक गरीब मुले आठवड्याचे सहा दिवस कामावर जात. रविवार हा त्यांचा एकच मोकळा दिवस होता, म्हणून त्या दिवशी त्यांना वाचायला शिकवले जाई आणि त्यासाठी बायबल वापरले जाई. आज वाचन शाळेत शिकवले जाते, त्यामुळे संडे स्कूलचा भर गोष्टी, गाणी आणि प्रार्थना यांवर आला आहे. पाठवण्याआधी एक चौकशी मात्र आवर्जून करावी : मुलांच्या वर्गात नेहमी किमान दोन प्रौढ असतात का, शिकवणाऱ्यांची पडताळणी होते का आणि मुलांना शेवटी कुणाच्या हाती सोपवले जाते. चांगल्या मंडळीला या प्रश्नांचा राग येत नाही. राग आला, तर ती माहितीही उपयोगाचीच आहे.

मुलाच्या बाबतीत सावकाशीने घ्यावे. पंधरा वर्षांच्या मुलाला नव्या शहरात, नव्या तरुण संघात, आधीपासून एकमेकांचे मित्र असलेल्या मुलांमध्ये नेऊन बसवणे ही त्याच्यासाठी शिक्षाच असते. या वयाच्या मुलांना कार्यक्रमापेक्षा काम लवकर जोडते, असा माझा अनुभव आहे. ध्वनियंत्रणा सांभाळणे, गीतांचे शब्द पडद्यावर दाखवणे, वाद्य वाजवणे, लहानांच्या शिबिरात मोठ्यांना मदत करणे, यांपैकी त्याला जे येते ते पाळकांना सांगावे आणि तिथे त्याची खरी गरज असेल असे पाहावे. मुलाला शोभेचे काम दिलेले लगेच कळते. दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याने आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीचा) वर्ग सुरू होणार असेल आणि आपल्या परंपरेत तो असेल, तर त्याला त्याबद्दल सांगावे, पण नाव त्याने स्वतः द्यावे. आपण परस्पर दिलेले नाव पुढे वर्षभर वादाचे कारण होते.

सासूबाई बहुधा आपल्या सगळ्यांच्या आधी रुळतील. मंडळीतल्या वयस्क स्त्रियांचे प्रार्थनागट शांतपणे चालतात, त्यांच्या सूचना एका ओळीच्या असतात, आणि मंडळीतल्या बातम्या तिथे सर्वांत आधी पोहोचतात. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी होणारा जागतिक प्रार्थना दिन ही त्यांच्यासाठी चांगली सुरुवात ठरेल. दरवर्षी एका वेगळ्या देशातल्या ख्रिस्ती स्त्रिया त्या दिवसाची उपासना तयार करतात आणि जगभर तीच उपासना वापरली जाते. बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या पंथांच्या स्त्रिया त्या दिवशी एकत्र येतात, त्यामुळे त्यांना आपल्या मंडळीपलीकडच्याही ओळखी मिळतील. फक्त त्यांना नेण्या-आणण्याची सोय आधीच ठरवावी. अनेक ज्येष्ठ माणसे इच्छा नाही म्हणून गैरहजर राहत नाहीत, वाहन मागायचा संकोच वाटतो म्हणून राहतात.

आपण दोघांनी पहिले काही महिने कोणतेही पद घेऊ नये. नवे, उत्साही आणि सुशिक्षित जोडपे दिसले की समितीला हायसे वाटते आणि लगेच खजिनदारीपासून नाताळच्या नाटिकेपर्यंत सगळे पुढे केले जाते. हे मी समितीच्या टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे. नम्रपणे, पण मुदत सांगून नकार द्यावा : ‘उपवासकाळ संपेपर्यंत आम्ही फक्त येऊ, त्यानंतर विचारा.’ मुदत सांगितल्याने समोरच्याला नकार टोचत नाही, आणि तेवढ्या काळात कोणते काम आपल्या जोगे आहे ते दिसू लागते. उपासनेतले वाचन, खुर्च्या लावणे किंवा दारात उभे राहून स्वागत करणे अशी कामे मात्र लगेच घ्यायला हरकत नाही, कारण ती एका दिवसात संपतात आणि चेहरे ओळखीचे करून देतात. आगमनकाळात आपल्याकडे नऊ वाचनांची गीत-उपासना, म्हणजे बायबलमधली नऊ वाचने आणि मधूनमधून नाताळची गीते असलेली उपासना, होत असेल, तर वाचकांच्या यादीत नाव द्यावे. १८८० मध्ये इंग्लंडमधल्या ट्रुरो येथे ही उपासना प्रथम झाली तेव्हापासून वाचकांचा क्रम गायकवृंदातल्या मुलापासून सुरू होऊन बिशपांपर्यंत जातो. आपल्याकडे तो क्रम पाळत असतील तर पहिले वाचन आपल्या मुलीलाही मिळू शकते.

यादीत कधीच न येणारी कामे हा याहून महत्त्वाचा भाग आहे, आणि त्याबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो. रुग्णालयात कुणाजवळ रात्री थांबायचे आहे, बाळंतिणीच्या घरी डबा पोहोचवायचा आहे, एकट्या राहणाऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचे आहे, घरात मृत्यू झालेल्या कुटुंबाला पहिल्या महिन्यानंतर, म्हणजे सगळे पाहुणे परतल्यावर, भेटायचे आहे. या गोष्टी सूचनांत वाचल्या जात नाहीत, कारण त्या वाचल्या तर त्या माणसाचे खाजगीपण राहत नाही. तरीही मंडळी मंडळी म्हणून उभी असते ती याच कामांवर. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सुरुवातीच्या मंडळीतली पहिली मोठी तक्रार नोंदवलेली आहे, आणि ती धर्मसिद्धांताबद्दल नाही : ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या अन्नवाटपात दुर्लक्ष होते, ही ती तक्रार होती. त्यावर प्रेषितांनी प्रवचनाचे काम स्वतःकडे ठेवून वाटपासाठी सात माणसे निवडायला सांगितली. निवडताना ती सुप्रतिष्ठित, पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावीत अशी अट घातली, म्हणजे अन्नवाटप हे दुय्यम काम मानले नाही. आपल्याला अशा कामात हात लावायचा असेल तर पाळकांना किंवा वडीलजनांना खाजगीत सांगावे की, ‘आठवड्यातला अमुक एक दिवस आम्ही मोकळे असतो, गरज पडल्यास फोन करा.’ फोन येईल. त्या एका फोनने जी जवळीक निर्माण होते, ती वर्षभराच्या स्नेहभोजनांतून होत नाही.

दानाबद्दल आपण विचारलेले नाही, पण निधीच्या सूचना ऐकून दडपण आले असेल तर एवढे लक्षात घ्यावे की, दानार्पण आणि विशेष निधी या वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या कुटुंबाने नियमित दानार्पणात आपल्या ऐपतीनुसार भाग घ्यावा आणि विशेष निधीबद्दल निर्णय घेण्याआधी मागच्या वर्षाचा हिशेब पाहावा. तो वार्षिक सभेत मांडला जातो आणि विचारल्यास दाखवला जायला हवा.

शेवटी एक कागदोपत्री बाब, जी धावपळीत राहून जाते. आधीच्या मंडळीकडून सभासदत्वाचे पत्र मागवून इथल्या पाळकांकडे द्यावे. अनेक मंडळ्यांत त्याशिवाय नाव नोंदवहीत चढत नाही, वार्षिक सभेत मत देता येत नाही, आणि मुलाच्या दृढीकरणाच्या किंवा पुढे कुणाच्या लग्नाच्या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला शोधण्यासाठी दोन शहरांत पत्रव्यवहार करावा लागतो. पत्र मागताना मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची प्रतही त्याच अर्जात मागून घ्यावी. जुने सचिव बदलले असतील तर अर्जात बाप्तिस्म्याची तारीख आणि तो देणाऱ्या पाळकांचे नाव लिहावे, म्हणजे नोंद सापडायला वेळ लागत नाही.