मँचेस्टरच्या उंच टॉवरमध्ये घर घ्यायचं तर आधी काय तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून नोकरीसाठी मँचेस्टरला यायचंय, ऑफिस स्पिनिंगफील्ड्समध्ये, बरोबर पत्नी आणि साडेतीन वर्षांची मुलगी. डीन्सगेट स्क्वेअर किंवा आसपासच्या एखाद्या टॉवरमध्ये तिसाव्या मजल्याच्या वर फ्लॅट भाड्याने घ्यावा का, आणि दोन वर्षांनी तिथेच विकत घ्यावा का?

भाड्याने जरूर घ्या. विकत घ्यायची घाई नको. आणि दोन्ही वेळी खिडकीतून जे दिसतं त्यापोटी जास्तीचे पैसे मोजू नका, कारण या शहरात तेवढी एकच गोष्ट अशी आहे की ती टिकेल असं कुणीही लिहून देत नाही.

मँचेस्टरची उंची कशी वाढली ते आधी बघा. गिरण्यांची धुराडी सोडली तर शहराचं टोक म्हणजे १८७७ साली पूर्ण झालेल्या टाउन हॉलचा घड्याळाचा मनोरा, ८५ मीटर. त्याच्यावर मात करायला १९६२ उजाडलं: सीआयएस टॉवर, ११८ मीटर. त्यानंतर २००६ साली १६९ मीटरचा बीथम टॉवर आला, खाली हिल्टन हॉटेल आणि वर फ्लॅट. तो लंडनबाहेरची सर्वांत उंच इमारत होता, पण २०१८ साली डीन्सगेट स्क्वेअरचा साउथ टॉवर त्याच्या वर गेला. तो २०१ मीटर आहे. म्हणजे पहिला विक्रम ८५ वर्षं टिकला, दुसरा ४४ वर्षं, तिसरा जेमतेम १२. त्यानंतर डीन्सगेट स्क्वेअर ज्यात आहे त्या ग्रेट जॅक्सन स्ट्रीटच्या पट्ट्यात एलिझाबेथ टॉवर, ब्लेड, गोल आकाराचा थ्रीसिक्स्टी असे पन्नासच्या वर मजल्यांचे टॉवर एकमेकांना खेटून उभे राहिले, आणि २०० मीटरपेक्षा उंच आणखी इमारतींना परवानगी मिळालेली आहे. हे आपोआप घडत नाही. शहराच्या मध्यवर्ती भागाच्या दक्षिण टोकाला, मँकुनियन वे हा महामार्ग आणि रेल्वेच्या कमानी यांमधल्या या जागेत उंच इमारतींचा पुंजका व्हावा हे कौन्सिलचं, म्हणजे इथल्या महापालिकेचं, ठरवून आखलेलं धोरण आहे. लोअर परळमध्ये श्रीनिवास मिलच्या जागी वर्ल्ड वन उभा राहिलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना कापसाच्या या दुसऱ्या शहराची चाल ओळखीची वाटेल.

याचा तुमच्या फ्लॅटशी संबंध असा. मँचेस्टर साधारण ५३.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर असतो आणि दिवस साडेसात तासांचा. या कोनातून २०० मीटरच्या टॉवरची सावली उत्तरेकडे साडेआठशे मीटरहून लांब पडते. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो, तीच सावली तिथे १८० मीटरच्या आसपास आटोपते. त्यामुळे पुण्यात समोर टॉवर आला तर दृश्य जातं, इथे हिवाळ्यातलं ऊनही जातं, आणि तेही तीन-चार इमारती पलीकडच्या टॉवरमुळे. इंग्लंडच्या कायद्यात दृश्यावर हक्क नाही. उजेडाचा हक्क आहे, पण तो सहसा २० वर्षं अखंड उजेड मिळाल्यावर लागू होतो. नव्या इमारतीतल्या भाडेकरूला त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून फ्लॅट बघायला जाण्याआधी मँचेस्टर सिटी कौन्सिलच्या वेबसाइटवरच्या प्लॅनिंग विभागात पोस्टकोड टाका आणि आजूबाजूचे मंजूर झालेले अर्ज उघडा. त्यात ‘एलिव्हेशन’ आणि ‘साइट प्लॅन’ असे नकाशे असतात. मजले किती आणि तुमच्या खिडकीपासून अंतर किती ते त्यातून कळतं. परवानगी मिळाल्यापासून साधारण तीन वर्षांत काम सुरू करावं लागतं, त्यामुळे मंजुरीची तारीखही बघा. तीन वर्षांची मुदत संपत आली असेल तर काम लवकर सुरू होण्याची शक्यता धरा. इर्वेल नदीच्या पलीकडचं सॅलफर्ड हे वेगळं शहर आहे. त्याचं कौन्सिल वेगळं, वेबसाइट वेगळी, कौन्सिल टॅक्सही (आपल्या घरपट्टीसारखा कर) वेगळा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या फ्लॅटसाठी दोन्हीकडे शोधावं लागतं, आणि लोक नेमकं तेच विसरतात.

दिशा निवडताना आपल्याकडचे आडाखे बाजूला ठेवा. उत्तरेकडच्या फ्लॅटमध्ये हिवाळाभर थेट ऊन येत नाही. दक्षिण-पश्चिम कोपऱ्यातला, जमिनीपासून छतापर्यंत काच असलेला फ्लॅट फोटोत सर्वांत देखणा दिसतो, पण जूनमध्ये संध्याकाळी उशिरापर्यंत ऊन काचेवर असतं, एसी बहुधा नसतो, आणि सुरक्षिततेसाठी खिडकी साधारण १० सेंटिमीटरच उघडते. लहान मूल असेल तर पूर्व किंवा दक्षिण-पूर्व दिशा बरी. तिसाव्याऐवजी बारावा ते विसावा मजला मिळाला तर नाराज होऊ नका. ढग खाली उतरले की सर्वांत वरच्या मजल्यांच्या खिडकीबाहेर नुसतं पांढरं असतं, वादळी रात्री उंच इमारत किंचित हलते आणि आतल्या भिंती करकरतात, आणि लिफ्ट बंद पडली तर प्रॅम घेऊन उतरायचे मजले कमी असलेले बरे. फ्लॅट बघायला शक्यतो सकाळी साडेआठला जा, म्हणजे लिफ्टला किती वेळ लागतो ते कळेल. फोनची रेंजही खोलीच्या मध्यभागी उभं राहून बघा. उष्णता अडवणारी काच सिग्नलही अडवते, त्यामुळे बऱ्याच फ्लॅटमध्ये वायफाय कॉलिंगवरच भागवावं लागतं.

आता स्वयंपाकघर. आपल्या लोकांचे सर्वांत जास्त तंटे इथेच होतात. या टॉवरमध्ये गॅस नसतो. शेगडी इंडक्शन किंवा सिरॅमिक असते. साधा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. इंडक्शनचा तळ असलेला स्टीलचा कुकर आणि सपाट लोखंडी तवा पुण्याहूनच आणा. फुलके आचेवर फुगवता येणार नाहीत, तव्यावरच कापडाने दाबून फुगवायची सवय करा. मिक्सर चालतो, कारण व्होल्टेज सारखंच आहे, फक्त इथला १३ अँपियरचा प्लग लावून घ्या. खरी अडचण धुराची. शेगडीवरचा पंखा पुष्कळदा हवा बाहेर फेकत नाही, कार्बन फिल्टरमधून गाळून परत खोलीत सोडतो. बाहेरची हवा आणण्याचं काम वेगळी यंत्रणा करते: कपाटातल्या एका पेटीतून ओली हवा बाहेर जाते आणि जाताना आपली उष्णता आत येणाऱ्या हवेला देते. ती चोवीस तास चालू ठेवायची असते. वीज वाचवायची म्हणून लोक ती बंद करतात, मग काचेवर पाणी धरतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी येते. फोडणी देताना त्या यंत्रणेचं ‘बूस्ट’ बटण आधी दाबा, दोन मिनिटं थांबा, मग तेल तापत ठेवा. तिचे फिल्टर किती महिन्यांनी आणि कोण बदलणार, हे करार करतानाच लेखी विचारून घ्या. धूर जावा म्हणून फ्लॅटचा मुख्य दरवाजा कॉरिडॉरमध्ये कधीही उघडू नका: कॉरिडॉरमधल्या सेन्सरला धूर लागला की तिथली धूर बाहेर काढणारी यंत्रणा सुरू होते.

आगीच्या बाबतीत इथले नियम २०१७ नंतर फार कडक झाले. त्या वर्षी १४ जूनला लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ माणसं गेली. बाहेरून लावलेल्या ज्वलनशील पत्र्यांमुळे ती पसरली. आता १८ मीटर किंवा ७ मजले किंवा त्याहून उंच प्रत्येक निवासी इमारतीसाठी कायद्याने एक जबाबदार व्यक्ती असते आणि तिला रहिवाशांना आगीच्या वेळी काय करायचं ते कळवावं लागतं. तो कागद मागून वाचा. बहुतेक ठिकाणी सूचना अशी असते की आग दुसऱ्या फ्लॅटमध्ये असेल आणि धूर तुमच्यापर्यंत आला नसेल तर घरातच थांबा. १८ मीटरवरच्या नव्या निवासी इमारतींना दोन जिन्यांची सक्ती सप्टेंबर २०२६ अखेरीपासून आहे. आधीच्या टॉवरमध्ये एकच असू शकतो, तेव्हा तो रिकामा राहणं महत्त्वाचं. दाराबाहेर चपलांचं स्टँड, मुलीची सायकल, दिवाळीची पणती यांपैकी काहीही कॉरिडॉरमध्ये ठेवता येत नाही. दार आपोआप बंद करणारा वरचा दांडाही काढू नका.

भाड्याचं गणित मांडतो. समजा महिन्याचं भाडं १,८०० पौंड आहे. एजंट बहुधा भाड्याच्या ३० पट वार्षिक पगार मागतो, म्हणजे ५४,००० पौंड. घर राखून ठेवण्यासाठी जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं, ४१५ पौंड, घेता येतं. डिपॉझिट पाच आठवड्यांपर्यंत, म्हणजे २,०७६ पौंड, आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा व्हायलाच हवं. एजंटला वेगळी फी घेता येत नाही. इथे क्रेडिट हिस्ट्री नसलेली माणसं पूर्वी सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरून वेळ निभावत. १ मे २०२६ पासून खासगी घरमालकाला एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ मागता येत नाही, त्यामुळे तो आता जामीनदार मागेल. कंपनीचं पत्र, पगाराचा करार आणि ई-व्हिसाचा शेअर कोड (तुमचा व्हिसा ऑनलाइन पडताळण्याचा क्रमांक) तयार ठेवा. त्याच तारखेपासून ठरावीक मुदतीचे करारही गेले. दोन महिन्यांची नोटीस देऊन तुम्ही निघू शकता. अख्खा टॉवर एकाच कंपनीचा आणि फक्त भाड्यासाठी असेल तर पहिल्या वर्षासाठी तोच घ्या, कारण मालक मधेच फ्लॅट विकायला काढण्याची भीती तिथे कमी. सामान हलवायची लिफ्ट आधी बुक करावी लागते, हेही लक्षात असू द्या. कौन्सिल टॅक्स आणि वीज भाड्यात धरू नका. हीटिंग विजेवर असेल तर विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग पडतं. मधला फ्लॅट कोपऱ्यातल्यापेक्षा कमी खातो.

शाळेचं लगेच बघा. वयाची चार वर्षं पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरमध्ये मूल रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, जातं, आणि अर्जाची शेवटची तारीख त्याच वर्षीची १५ जानेवारी. त्या तारखेनंतर आलेला अर्ज उशिराचा धरला जातो आणि जवळची शाळा भरलेली असू शकते.

विकत घेण्याबद्दल. इथे फ्लॅट म्हणजे लीजहोल्ड. जमीन आणि इमारतीचा सांगाडा दुसऱ्याचा. ३० जून २०२२ पासूनच्या नव्या लीजवर ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं) नाही, जुन्यांवर असू शकतं. मोठा बोजा सर्व्हिस चार्जचा. लिफ्ट, काच धुणारा पाळणा, रिसेप्शन, जिम, पोहण्याचा तलाव, इमारतीचा विमा सगळं त्यात येतं, आणि त्याला वरची मर्यादा नसते. तीन वर्षांचे हिशेब, राखीव निधी आणि प्रलंबित दुरुस्त्यांच्या नोटिसा सॉलिसिटरकडून (खरेदीचं काम बघणाऱ्या वकिलाकडून) मागवा. उंच काचेच्या इमारतीत काय होऊ शकतं याचं उदाहरण बीथम टॉवरच आहे. जोरात वारा सुटला की त्याच्या माथ्यावरची काचेची पाती घुमते, आणि तो आवाज पूर्णपणे बंद करता आलेला नाही. शिवाय २०१४ साली काचा चिकटवणारं सिलिकोन निकामी होत असल्याचं दिसलं, बाहेरून धातूच्या पट्ट्या ठोकून तात्पुरता इलाज झाला, खर्च कुणी करायचा यावरून हॉटेल आणि फ्रीहोल्डर (जमिनीचा आणि इमारतीचा मूळ मालक) कोर्टात गेले, आणि ज्या कंपनीने टॉवर बांधला ती करिलियन जानेवारी २०१८ मध्ये बुडाली. बांधणारा निघून गेल्यावर दोष कुणाच्या गळ्यात पडतो, हा प्रश्न तुमच्या लीजमध्ये कसा लिहिलाय ते वाचा.

आणि पुण्यातला फ्लॅट. इथे पहिलं घर घेणाऱ्याला ३ लाख पौंडांपर्यंत स्टँप ड्यूटी लागत नाही, पण ‘पहिलं’ म्हणजे जगात कुठेही आधी घर नसलेलं. वारशाने आलेलंही मोजलं जातं, आणि दोघं मिळून घेत असाल तर दोघांपैकी एकाच्या नावावर असलं तरी. घर बरोबर ३ लाखांचं असेल तर सवलत गेली की ५,००० पौंड भरावे लागतात. वर पुण्याचं घर अजून तुमच्याकडे असेल आणि तुमचा हिस्सा ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल, तर जादा घराचे ५ टक्के, म्हणजे आणखी १५,००० पौंड. एकूण २०,०००. खरेदीच्या आधीच्या १२ महिन्यांत १८३ दिवस ब्रिटनमध्ये राहिलेले नसाल तर वर आणखी २ टक्के. पुण्याच्या फ्लॅटची कागदपत्रं आणि आजची किंमत सॉलिसिटरला ऑफर देण्याआधी दाखवा, नंतर नाही.