एमडी मेडिसिनला गाइड (प्रबंधाचे मार्गदर्शक) निवडताना त्यांचे रिसर्च पेपर बघावेत की स्वभाव?

पेपर मोजत बसू नका. त्यांचा जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, रात्री तीनला त्यांना न घाबरता फोन करतो का, तेवढं काढून घ्या.

मी जेआर-वन असताना दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेने आले. ॲट्रोपिनच्या उताऱ्याने छातीतला स्राव थांबला, माणूस बोलायला लागला, आम्ही निर्धास्त. तिसऱ्या रात्री त्यांची बायको म्हणाली, "मॅडम, यांना उशीवरून मान उचलंना." इंटरमीडिएट सिंड्रोम मला पाठ होता: विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत आधी मान लुळी पडते, मग श्वासाचे स्नायू, तिथे ॲट्रोपिनचा उपयोग नाही, व्हेंटिलेटरच. एका श्वासात आकडे मोजायला लावले. अठरापर्यंत गेले. थोड्या वेळाने अकरा. म्हणजे श्वासाचे स्नायू थकत चालले होते.

तरी माझ्या गाइड सरांना फोन केला नाही. आदल्याच आठवड्यात त्यांनी भर राउंडला सुनावलं होतं, "एवढंही कळत नाही तर पीजीला आलीस कशाला?" चाळीस मिनिटं मी नुसती पल्स ऑक्सिमीटरकडे बघत होते, आणि तो ऑक्सिजन ९७ टक्के दाखवत होता! शेवटी सिस्टरनीच भूलवाल्या रेसिडेंटला बोलावून घेतलं. श्वासनलिकेत ट्यूब घातली, पेशंट वाचले. सकाळी सरांचा प्रश्न: "मला का नाही कळवलं?"

मध्यंतरी गंगापूर रोडला एका लग्नात सर भेटले. "आम्ही असेच घडलो, हल्लीची पोरं नाजूक." सर, रेसिडेंट डॉक्टरांसाठीच्या १९९२च्या सरकारी रेसिडेन्सी स्कीममध्येच लिहिलंय की सलग ड्यूटी शक्यतो बारा तासांच्या वर नको. छत्तीस तास जागलेल्या पोराला नाजूक म्हणायला आपल्याला लाज वाटायला हवी. आणि तुम्ही घडलात ते त्या सिस्टरसारख्या माणसांमुळे, ओरड्यामुळे नाही.

आता मी स्वतः गाइड आहे. माझ्या युनिटला पहिले सहा महिने उगाच केलेल्या फोनला माफी आहे. न केलेल्याला नाही. (चिडते मीही. गेल्याच महिन्यात एकाला रडवलं, मग चहा पाजला.)

हां, बहुतेक ठिकाणी गाइड डिपार्टमेंटच वाटून देतं, त्यामुळे निवड तुमच्या हातात असेलच असं नाही. आणि नुसत्या गोड स्वभावाचंही काही खरं नाही. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) म्हसरूळला आरोग्य विद्यापीठात वेळेत पोचला पाहिजे, लॉगबुकवर (रेसिडेंटच्या कामाच्या नोंदवहीवर) सही करण्याआधी कुणी ते वाचलं पाहिजे. हे सगळं दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला, जेआर-टूला विचारा, पण कॅन्टीनमध्ये गाठून. वॉर्डात कुणी खरं सांगत नाही.