सायकलचे दिवे मुख्य बॅटरीवर

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी ३६ व्होल्टची असून दिवे ६ व्होल्टचे आहेत. मेकॅनिक म्हणतात, आतल्या दोन सेलवरून वायर काढून दिवे पेटवता येतील. तसे करावे का?

उत्तर : मुळीच करू नये. आपल्या बॅटरीत लिथियमचे दहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांतील दोघांवरच दिव्यांचा भार टाकला, तर ते इतरांच्या आधी रिकामे होतात आणि त्यांच्यामुळे सबंध बॅटरी लवकर निकामी होते. वीज नेहमी पूर्ण बॅटरीच्या दोन टोकांवरूनच घ्यावी आणि व्होल्टेज उतरवणारा डीसी कन्व्हर्टर मध्ये बसवावा.

येथे एक फसगत हमखास होते. ३६ व्होल्ट हा केवळ नावाचा आकडा आहे. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी ४२ व्होल्ट देते, तर बाजारात स्वस्तात मिळणारे एलएम२५९६ हे कन्व्हर्टरचे मॉड्यूल ४० व्होल्टपर्यंतच चालवायचे असते. म्हणून किमान ६० व्होल्ट सोसणारा कन्व्हर्टर घ्यावा आणि बॅटरीलगत एक-दोन अँपिअरचा फ्यूज लावावा. ६ ते ४८ व्होल्टवर थेट चालणारे दिवेही मिळतात. माझ्या मते तोच कमी कटकटीचा मार्ग.

विजेची चिंता नको : ३ वॉटचा दिवा दोन तास जळला तरी ६ वॉट-तासच खर्च होतात आणि १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॉट-तास असतात. मात्र बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने वीजपुरवठा तोडला, की दिवेही विझतात. तेव्हा मागे स्वतःच्या वेगळ्या सेलवर चालणारा एक छोटा लाल दिवा असू द्यावा.