वाचकांचे प्रश्न : बार्शी लाइट रेल्वे

प्रश्न : बार्शीची छोटी रेल्वे सरकारची होती की कंपनीची? ती बंद का पडली?

उत्तर : लंडनमध्ये नोंदलेल्या खासगी कंपनीची. ब्रिटिश अभियंते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी बांधलेली कुर्डुवाडी-बार्शी लाइन 1897 ला सुरू झाली. 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज जोडले गेले. दोन रुळांतले अंतर अडीच फूट, रुळाचे वजन यार्डाला जेमतेम 30 पौंड, म्हणजे हलकेच. तरी मालगाडी चालली, कारण इंजिन असो वा डबा, एका आसावर 5 टनच भार. खरी हुशारी हीच!

दुखणे कुर्डुवाडीत. तिथे मुख्य लाइनचे रूळ रुंद, म्हणून कापूस, धान्य छोट्या गाडीतून मोठ्या गाडीत हाताने बदलावे लागे. हमाली वाढे, पोती फुटत. 1954 मध्ये सरकारने लाइन विकत घेऊन मध्य रेल्वेत घातली, पण मालक बदलला तरी रूळ अरुंदच. अखेर तिच्या जागी ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळ आले; लातूरपर्यंतचे काम 2008 मध्ये पूर्ण झाले.